घरातले कार्यालय आणि फेंगशुई

मुंबईच्या उपनगरांत घर आणि कार्यालय यांमधील अंतर वर्षानुवर्षे लोकलच्या वेळापत्रकाने मोजले गेले. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक घरांत ते अंतर शयनगृह ते हॉल एवढेच उरले. टाळेबंदी उठली, तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत बऱ्याच क्षेत्रांत टिकून राहिली. कर सल्लागार, विमा प्रतिनिधी, भाषांतरकार, शिकवणी घेणारे शिक्षक यांचे कार्यालय तर त्यापूर्वीही घरातच होते. जागा मात्र तेवढीच राहिली. अंधेरी-घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये टेबल कोठे मांडावे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ सजावटीचा नाही. कामातील एकाग्रता, घरातील इतरांचा वावर आणि रात्रीची झोप या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

या प्रश्नाचे उत्तर अनेकजण फेंगशुईत शोधतात. तथापि, भेटवस्तूंच्या दुकानात मिळणारी फेंगशुई आणि या चिनी विद्येचा मूळ विचार यांत बरेच अंतर आहे. लहान जागेला उपयोगी पडतो तो मूळ विचारच.

वारा आणि पाणी

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. या विद्येचा आरंभ घराच्या सजावटीतून नव्हे, तर दफनभूमीच्या निवडीतून झाला. चौथ्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या ग्वो पू या चिनी विद्वानाच्या नावावर असलेल्या दफनविषयक ग्रंथात ‘ची’ अर्थात प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा विचार मांडलेला आहे. म्हणून पाठीशी डोंगर आणि समोर पाणी असलेली जागा उत्तम मानली गेली. चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे, कोरडे वारे येतात. तेथे उत्तरेला डोंगराचा आडोसा आणि दक्षिणेला मोकळे अंगण असावे, या नियमामागे हवामानाचा अनुभव आहे.

हाच नियम मुंबईत लावला, तर दिशा बदलतात. मुलुंडच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. बोरिवलीत नेमके उलट. तेथे डोंगर पूर्वेला आणि गोराईची खाडी पश्चिमेला. शिवाय मुंबईला जपायचे असते ते उत्तरेच्या थंडीपासून नव्हे, तर नैऋत्येकडून येणाऱ्या पावसापासून. पुस्तकातील दिशा पाठ करण्यापूर्वी आपल्या खिडकीतून जूनमध्ये पाऊस कोणत्या बाजूने आत येतो, हे पाहणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे. त्या खिडकीखाली संगणक आणि कागदपत्रे असू नयेत.

फेंगशुईत भूरूप पाहणारी एक परंपरा आहे, तर होकायंत्र आणि अष्टकोनी पाकुआ यांच्या आधारे दिशा ठरवणारी दुसरी. आपल्याकडे त्यांत वास्तुशास्त्राची भर पडते आणि गोंधळ वाढतो. वास्तुशास्त्रात आग्नेय कोपरा नावाप्रमाणेच अग्नीचा. होकायंत्रानुसार पाहणाऱ्या फेंगशुईत तोच कोपरा काष्ठतत्त्वाचा व संपत्तीचा असून तेथे पाणी ठेवण्यास सांगितले जाते. दोन्हींचे समाधान करू पाहणाऱ्याला एकाच कोपऱ्यात दिवा आणि कारंजे मांडावे लागेल! अशा वेळी कोणती तरी एक पद्धत निवडणे आणि सोयीला अग्रक्रम देणे, हेच शहाणपणाचे.

टेबलाची जागा

बसणाऱ्याला दार दिसावे, पण तो दाराच्या थेट रेषेत नसावा. पाठीमागे भक्कम भिंत असावी आणि डोक्यावर तुळई नसावी, असा कार्यालयासाठी फेंगशुईचा मुख्य संकेत आहे. समजा, हॉल दहा बाय पंधरा फुटांचा आहे. प्रवेशद्वार एका कोपऱ्यात आणि समोरच्या भिंतीत ग्रिलची खिडकी आहे. अशा घरात टेबल बहुधा खिडकीखाली भिंतीला चिकटवले जाते आणि बसणाऱ्याची पाठ दाराकडे होते. बेल वाजली, मुले आत आली, कोणी टीव्ही लावला, की दर वेळी मान वळवावी लागते. व्हिडिओ कॉलवर पाठीमागे सारे घर दिसते, ते वेगळेच.

हेच टेबल दारापासून तिरप्या कोपऱ्यात, पाठ बाजूच्या भिंतीला येईल असे फिरवले, तर दार नजरेच्या टप्प्यात येते आणि कॅमेऱ्यात केवळ भिंत दिसते. खिडकी एका बाजूला राहते. हा लाभ मोठा आहे, कारण खिडकी पाठीशी असेल तर पडद्यावर उजेड चमकतो आणि अगदी समोर असेल तर डोळे दिपतात. पश्चिमेच्या खिडकीला दुपारनंतर पडदा आवश्यकच. टेबल फिरवणे शक्य नसेल, तर दार दिसेल असा लहान आरसा समोर लावावा, असा पर्यायही फेंगशुईत सांगितला आहे. तो सोपा आणि उपयुक्त आहे.

तुळईखाली बसू नये, या संकेताचा उपनगरांतील जुन्या इमारतींत व्यावहारिक अर्थही लावता येतो. वर्षानुवर्षांच्या गळतीने आतील सळ्या गंजतात आणि प्लास्टर सुटते. तेव्हा खुर्ची सरकवावी आणि ओल दिसत असल्यास सोसायटीला कळवावे. तुळईला बासऱ्या टांगण्याचा उपाय प्रसिद्ध असला, तरी त्याने गंजलेली सळई बळकट होत नाही. दिशा साधण्यासाठी खांब, तुळई वा भिंत तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. तो संपूर्ण इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

पसारा आणि सीमारेषा

‘ची’ला वाट मोकळी हवी, असे ही विद्या सांगते. दारापासून खुर्चीपर्यंत अंग न चोरता जाता आले पाहिजे, हा त्याचा साधा अर्थ. टेबलाखालील वायरी एकत्र बांधाव्यात. जुन्या फायलींचे गठ्ठे पावसाळ्यात ओल धरतात, त्यांना बुरशी आणि कसर लागते. वर्षातून एकदा, मे महिन्यातच, त्यांची छाननी करावी.

याहून कठीण प्रश्न काम आणि विश्रांती यांच्या सीमेचा. काम हे ‘यांग’, म्हणजे चलनशील. झोप ही ‘यिन’, म्हणजे शांत. शयनगृहात कार्यालय नको, असे फेंगशुई म्हणते. पण जेथे खोलीच एक आहे, तेथे सीमा भिंतीने नव्हे, सवयीने आखावी लागते. घडीचे टेबल, मधला पडदा किंवा दार लावता येणारे कपाट यांनी बरेच साधते. काम संपल्यावर लॅपटॉप आणि कागद कपाटात गेले, की ती खोली पुन्हा घराची होते. पलंगावर बसून काम करण्याची सवय मात्र पाठ आणि झोप दोन्ही बिघडवते.

बांबू, कारंजे आणि डास

‘लकी बांबू’ हा वस्तुतः बांबू नव्हे. ती ड्रॅसिना कुळातील, मूळची आफ्रिकेतील वनस्पती आहे. ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत, तर बुदाई हा चिनी लोकपरंपरेतील भिक्षू. या वस्तू आनंदासाठी जरूर ठेवाव्यात. त्यांच्यामुळे ग्राहक वा उत्पन्न वाढते, याला शास्त्रीय पुरावा नाही.

एक धोका मात्र खरा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनीप्लांट, बांबू आणि शोभेच्या कारंज्यातील पाण्याबाबत मुंबई महापालिका पावसाळ्यात वारंवार सावध करते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलून भांडे आतून घासावे. तेवढा वेळ नसेल, तर रोप मातीत लावणे उत्तम.

खर्चाचा क्रमही याच दृष्टीने ठरवावा. टेबल फिरवणे, वाट मोकळी करणे आणि पसारा काढणे यांना पैसे पडत नाहीत. ते प्रथम करावे. त्यानंतर पाठीला आधार देणारी खुर्ची आणि पुरेसा प्रकाश देणारा दिवा घ्यावा. घरी ग्राहकांची ये-जा होणार असेल, तर सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत. शेजाऱ्यांशी वाद झाल्यास तो कोणत्याही घंटेने मिटणार नाही. एवढे झाल्यावर हौस म्हणून कोपऱ्यात एखादा हसरा भिक्षू येऊन बसला, तर त्याला हरकत कसली?