हवामानबदल, मोटार आणि आपली मुले

एक लिटर पेट्रोल वजनाला किलोभरही नसते, पण ते जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला की, २०३५ पासून नव्या मोटारींतून हा वायू मुळीच बाहेर पडू नये. कारखानदारांनी ओरड केली, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच ही अट ९० टक्के कपातीवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. तरी नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. (आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची, हा प्रश्न उरतोच.)

आम्हांस विद्यार्थी बंधुभगिनींचे लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीकडे. विजेच्या मोटारीला पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज येथील लहानमोठ्या वर्कशॉपांत असलेच सुटे भाग तयार होतात, आणि आपली आयटीआय झालेली कितीतरी मुले तेथे लेथवर उभी आहेत, तीही पुष्कळदा कंत्राटावर. मालक कर्ज काढून नवे यंत्र आणील. कंत्राटी कामगाराला नवे काम कोण शिकवणार? नव्या गाडीला बॅटरी, मोटर, वायरिंग जाणणारे हात लागतात. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा ट्रेड आहे. दहावी झालेल्यांनी प्रवेश-अर्ज भरताना फिटर-टर्नरच्या जोडीला तोही पाहावा, आणि जे आज लेथवर आहेत त्यांनी निदान वायरिंगचे काम तरी शिकून घ्यावे.