होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि आजची हायक्रॉस

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे शौक दोन: नव्या धाटणीच्या इमारती आणि वेगवान मोटारी. पहिल्या शौकातून माणिकबाग पॅलेस उभा राहिला. दुसऱ्या शौकातली सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे १९३० च्या दशकातली अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे. कंपनी द्यायची ती फक्त चासी आणि इंजिन. भगवी-काळी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं चढवली.

इंजिन ६.९ लिटरचं, एका ओळीत ८ सिलिंडर, सुपरचार्जर आणि ३२० अश्वशक्ती. दर सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह. आजच्या साध्या गाडीत असते तीच मांडणी! मला मात्र सगळ्यांत भावतो तो क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा. एवढा लांब दांडा प्रत्येक स्फोटासरशी किंचित पिळवटतो आणि थरथरतो. म्हणून त्यावर पारा भरलेल्या दोन नळ्या बसवल्या. दांडा थरथरला की पारा आत हिंदकळतो आणि ती थरथर स्वतःत जिरवतो.

आता इंदुरात घरोघरच्या लग्नकार्याला धावणारी इनोव्हा घ्या, तिची हायब्रिड हायक्रॉस. इंजिन जेमतेम २ लिटरचं, जोडीची विजेची मोटर धरून ताकद १८४ अश्वशक्ती. पण फरक नुसत्या आकाराचा नाही. ड्यूसेनबर्गच्या काळचं पेट्रोल हलक्या प्रतीचं. हवा-पेट्रोलचं मिश्रण फार दाबलं तर ते अवेळी पेटायचं, म्हणून तिच्यात दाब-गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, ५ च्या आसपास ठेवावं लागे. हायक्रॉसमध्ये ते १४ च्या घरात आहे. त्यामुळे त्याच थेंबातून जास्त काम निघतं.

खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. माणसांसकट २ टनांची गाडी ताशी ५० किमी वेगानं येऊन इंदुरातल्या पलासियाच्या सिग्नलला थांबली, की सुमारे १९० किलोज्यूल ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर ती कमवायला जवळपास २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे पेट्रोल जळलेलं असतं. ड्यूसेनबर्गमध्ये ते वायाच. हायक्रॉसमध्ये वेग कमी करताना चाकंच मोटरला फिरवतात, ती जनरेटर होते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परततो.

टक्कर झाली तर? जुन्या गाडीची जाड लोखंडी चौकट वाकत नाही, आणि तोच तिचा दोष. ताशी ५० चा वेग १० सेंटिमीटरमध्ये संपला तर माणसावर गुरुत्वाच्या शंभरपट झटका बसतो. पुढचा भाग चेपत जाऊन अर्धा मीटर मिळाला, तर वीसपट. गाडी चुरगळते ती मुद्दाम.

नुसतं बघत बसायचं असेल तर होळकरांच्या गाडीला तोड नाही. सातजणांना घेऊन उज्जैनला जायचं असेल तर हायक्रॉस. पण चेपणाऱ्या भागाचा उपयोग सीटला बांधलेल्या माणसालाच होतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या आजींनाही पट्टा लावायला सांगा.