तीन तासांचं पोट

सकाळी आठला खाल्लेलं मांस अकरा-बारापर्यंत शरीराबाहेर! माणसाच्या पोटाला ज्या कामासाठी एक ते तीन दिवस लागतात, ते फेरेट तीन-चार तासांत उरकतो. किलोभर वजनाचा, लांबुळका, लवचिक कण्याचा हा प्राणी दिसायला मुंगसासारखा, पण कूळ पाणमांजराचं. युरोपातल्या जंगली पोलकॅटपासून माणसाने त्याला सुमारे २००० वर्षांपूर्वीच माणसाळवलं, सशांच्या बिळात सोडण्यासाठी. आज अमेरिकेत आणि युरोपात तो सोफ्यावर लोळतो, पण आतडं मात्र अजून शिकाऱ्याचंच आहे.

आणि काय आतडं आहे! आपल्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर झडप असते, तिथेच अंधांत्र नावाची पिशवी असते. फेरेटला झडपही नाही आणि अंधांत्रही नाही. मोठं आतडं जेमतेम १० सेंटिमीटर. धान्य-भाजीतला चोथा आंबवणाऱ्या जीवाणूंना मुक्कामाला जागाच नाही. आत आलेल्या मांसातली प्रथिनं आणि चरबी तेवढी शोषायची, बाकीचं पुढे ढकलायचं. म्हणून खाण्यात प्रथिनं ३५ ते ४० टक्के, चरबी २० टक्क्यांच्या आसपास आणि चोथा अगदी नावापुरता लागतो. गंमत अशी की त्याला गोड आवडतं. मनुका दिसली की तो झडप घालतो. पण ती द्यायची नाही, कारण खाण्यातली साखर त्याच्या शरीराला मानवत नाही.

फेरेटचं पोट नाजूक आहे, अशी तक्रार पाळणारे करतात. माझ्या मते बऱ्याचदा पोट ठणठणीत असतं, चुकलेलं असतं ते ताट. अर्थात खरे आजारही आहेत. बहुतेक फेरेटच्या जठरात हेलिकोबॅक्टर म्युस्टेली हा जीवाणू राहतो. माणसाला अल्सर देणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा हा भाऊबंद. म्हणून तर माणसाच्या अल्सरचा अभ्यास शास्त्रज्ञांनी फेरेटवरही केला. एरवी हा जीवाणू गप्प असतो. घर बदललं, नवा प्राणी आला, ताण वाढला की डोकं वर काढतो. मग फेरेट कराकरा दात खातो, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडतो. मळमळतंय हे सांगण्याची त्याची हीच रीत. अन्न नीट पचलं नाही तर विष्ठा बाजरीच्या दाण्यांसारखी कणीदार होते. जाणकार पालक रोज सकाळी आधी तीच बघतात.

अशा वेळी वाटीभर किबल, म्हणजे कोरडं दाणेदार खाद्य, पुढे करून भागत नाही. ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं, किंवा शिजवलेल्या कोंबडीची नुसती पेस्ट करायची. तिच्यात कांदा-लसूण अजिबात नको, ते त्याच्या रक्तपेशींना घातक. पेस्ट अंगाइतकी कोमट करून बोटाच्या टोकावर धरली की वास दरवळतो आणि जीभ बाहेर येते. वासाचं महत्त्व इथे फार आहे. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खातं, त्यालाच अन्न म्हणून ओळखायला शिकतं. पुढे अनोळखी वासाचं काही समोर आलं, तर ते खायचं असतं हेच त्याच्या गावी नसतं. म्हणून खाणं बदलायचं ते जुन्यात चिमूटभर नवं मिसळून, आठवडे लागले तरी चालतील.

उपास मात्र नको. आपल्याकडे पोट बिघडलं की लंघन करतात, पण फेरेट दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खाणारा आहे. मध्यमवयीन फेरेटमध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन वाढवणारी गाठ पुष्कळ आढळते. अशा प्राण्याची काही तास उपासमार झाली तरी रक्तातली साखर घसरून तो कोसळू शकतो.

आणखी एक बघा. रबराचा तुकडा, इअरफोनची टोपी, खोडरबर चावून गिळायची त्याला भारी हौस. आतडं तुंबलं की लक्षणं नाजूक पोटासारखीच दिसतात. विष्ठा काळी आणि चिकट झाली, उलट्या थांबेनात किंवा त्याने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका, फेरेट जाणणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी घेऊन जा.