सबबींचा हिशेब

माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं, की आठ-दहा दिवसांनी घरी एक निरोप हमखास येतो. "मी आता ठणठणीत आहे. हात थरथरत नाहीत, झोप लागते, जेवण जातंय. न्यायला या." घरच्यांनाही ते पटतं. इतकं सरळ बोलणं त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलेलं नसतं. दारू तर सुटली, मग आणखी चार आठवडे ठेवून तिथे करणार काय?

पुण्याच्या येरवडा भागातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र जवळपास चाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर देतं आहे. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. दारू शरीरातून बाहेर पडायला त्यातले थोडेच दिवस लागतात. बाकीचे दिवस जातात ते दारूच्या बाजूने माणसाच्या डोक्यात बसलेल्या वकिलाशी सामना करण्यात.

मुक्तांगणची सुरुवात गर्दमुळे झाली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राऊन शुगर पसरली आणि कॉलेजातली मुलं 'गर्दुल्ले' होऊ लागली. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले, आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८६ साली त्या रुग्णालयाच्याच आवारात केंद्र सुरू झालं. स्वतःची इमारत नंतर आली. १९९७ साली डॉ. अनितांचं कर्करोगाने निधन झालं. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा घेतली. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही झाला.

पहिला टप्पा डॉक्टरांचा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर काही तासांतच थरथर, घाम आणि मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून ठरावीक औषधं देऊन ती हळूहळू कमी करत आणतात, आणि मेंदूला जपण्यासाठी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. गर्द सुटताना होणाऱ्या हालांना गर्दुल्ल्यांच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. हाडं ठणकतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, जुलाब होतात, रात्र रात्र झोप नाही. घरी कोंडून घालून 'सोडवण्याचा' प्रयत्न बहुधा इथेच फसतो.

हा टप्पा ओलांडला की तो निरोप येतो, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

समुपदेशकाच्या समोर बसलेल्या माणसाकडे पिण्याची कारणं तयार असतात. धंद्यात खोट आली, वडिलांनी शेत भावाच्या नावावर केलं, बायको सतत बोलते, ट्रकवर रात्रभर जागावं लागतं. यातली बरीच खरी असतात, म्हणूनच ती खोडून निघत नाहीत. 'तुम्ही दारुडे आहात, आधी कबूल करा' असा हेका धरला की माणूस आणखी जोरात स्वतःचा बचाव करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली या निरीक्षणावर मुलाखतीची एक वेगळी पद्धत मांडली. समुपदेशकाने वाद घालायचा नाही, प्रश्न विचारायचे. पिऊन काय मिळतं? काय गेलं? पाच वर्षांनी कुठे असायचं आहे? बदलायला हवं, हे वाक्य रुग्णाच्या तोंडून यावं लागतं. डॉक्टरच्या तोंडचं वाक्य तो विसरतो, स्वतःचं विसरणं त्याला जड जातं.

गटात बसल्यावर मात्र सूर बदलतो. दहा-पंधरा जण गोल करून बसतात आणि एकेक जण आपली कहाणी सांगतो. याला तिथे 'शेअरिंग' म्हणतात. कुणी म्हणतं, "माझं फक्त बिअरवर होतं." कुणी म्हणतं, "मी कधी कामाला दांडी मारली नाही." बाहेर ही वाक्यं खपतात. इथे समोर बसलेल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी वापरलेली असतात, त्यामुळे कुणीतरी हसतं, आणि सांगणाऱ्यालाही हसू येतं. एमडी झालेल्या मनोविकारतज्ज्ञाला फसवता येतं, पण वीस वर्षं प्यालेल्याला फसवणं अवघड. मुक्तांगणात काम करणाऱ्यांपैकी अनेक जण एके काळी तिथेच उपचार घ्यायला आलेले होते, हे या संस्थेचं मोठं भांडवल आहे. नव्याने आलेल्याला सुटका झालेला माणूस समोर चालता-बोलता दिसतो, आणि त्याच माणसापुढे त्याची सबब टिकत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून दूर राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) ही संघटना उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे मान्य करणं. निवासी केंद्रांत ही पायरी बहुतेक वेळा वहीत उतरवून घेतात. शरीर, पैसा, नोकरी, नाती, अब्रू, प्रत्येकाचं किती नुकसान झालं ते लिहायचं. रोज २०० रुपयांची दारू धरली तर वर्षाचे ७३ हजार होतात, आणि वीस वर्षांचे १४ लाख ६० हजार. आकडा स्वतःच्या हाताने मांडला की 'मी माझ्या पैशाची पितो' हे वाक्य पुन्हा तोंडात येत नाही.

मग येतो सराव. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात दाखवलं, की पुन्हा पिण्याचे प्रसंग अचानक कोसळत नाहीत, त्यांना ठरलेल्या वाटा असतात. प्रत्येकाने आपल्या वाटा शोधायच्या. पगाराचा दिवस, ठरावीक बार, गावच्या जत्रेतली रात्र, क्रिकेटची मॅच. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ लवकर गाठते, हे घोकून घेतलं जातं. तलफ आली की ती वाढतच जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात थोडा वेळ काढला तर ती चढते आणि उतरते. तेवढ्या वेळात काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं: कुणाला फोन करायचा, कुठे चालायला जायचं. 'नाही' म्हणायचीही तालीम होते. एक जण गटारीचा मित्र होतो, "एक घे रे, काय होतंय" म्हणतो, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पाहणाऱ्याला हे पोरकट वाटेल. पण ज्याने आयुष्यात कधी 'नाही' म्हटलेलं नाही, त्याला ते लग्नाच्या वरातीत एकदम सुचत नाही.

दिवसाचं वेळापत्रकही उपचाराचाच भाग असतं. ठरल्या वेळी उठणं, योगासनं, साफसफाई, वेळेवर जेवण, खेळ, गाणी. व्यसनात दिवसाला आकार उरलेला नसतो; उठल्यापासून झोपेपर्यंतचा सगळा आराखडा बाटलीने ठरवलेला असतो. ती जागा भरली नाही तर रिकामी संध्याकाळ त्याला पुन्हा गुत्त्यावर नेते.

घरचे लोक इथे नुसते भेटायला आलेले पाहुणे नसतात. नवऱ्याच्या ऑफिसात "त्यांना ताप आहे" असा फोन बायको करते, उधारी वडील फेडतात, पोलीस चौकीतून मामा सोडवून आणतो. सगळं मायेपोटी, पण त्यामुळे पिणाऱ्याला पिण्याची किंमत मोजावी लागत नाही. मुक्तांगणात बायकांसाठी 'सहचरी' हा गट चालतो. पाळत ठेवणं, खिसे तपासणं, शपथा घालणं यात वर्षं घालवलेली बाई तिथे पहिल्यांदा स्वतःविषयी बोलते. नवरा बरा होवो न होवो, तिला स्वतःला आधाराची गरज असते.

गोळ्यांबद्दलही बोलायला हवं. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती दिसतात. डायसल्फिराम हे खरं औषध आहे. ते घेऊन दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. रुग्णाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीने दिलं तरच ते उपयोगी. भाजीत कालवून गुपचूप दिलेलं औषध हृदयाच्या रुग्णाचा जीव घेऊ शकतं. आणि सुटायची इच्छाच जागी झालेली नसेल, तर फसवून दिलेल्या औषधाने घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

पस्तीस दिवसांनी माणूस घरी जातो, तेव्हा तो बरा झालेला नसतो, बरं होण्याच्या कामाला लागलेला असतो. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के असल्याचं अमेरिकेतली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज सांगते, आणि दमा किंवा रक्तदाबाच्या रुग्णांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाणही साधारण तसंच असतं, हेही सांगते. म्हणून पाठपुराव्याच्या सभा, समुपदेशकाच्या भेटी आणि एएच्या मीटिंगा चालू ठेवाव्या लागतात. पाय घसरलाच तर त्याला 'स्लिप' म्हणतात, आणि लपवण्याआधी सांगायला शिकवतात. गर्दच्या बाबतीत धोका अधिक असतो. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते, आणि जुन्याच मापाने घेतलेला डोस जीवघेणा ठरतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या दर १८० भारतीयांपैकी केवळ एकाला दाखल होऊन उपचार मिळाले होते. या दरीत बरीच दुकानं उघडली आहेत. काही ठिकाणी मारहाण होते, साखळ्या लावतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार व्यसनाचा रुग्णही या कायद्याच्या संरक्षणात येतो, आणि माणसाला साखळीने बांधायला कोणत्याही रूपात मनाई आहे. तेव्हा आपल्या माणसाला कुठेही नेण्याआधी चार गोष्टी विचारा. डॉक्टर रोज येतात का? केंद्राची नोंदणी आहे का? आम्हाला भेटता येईल का? घरी गेल्यावर पाठपुरावा कोण करणार? जिथे या प्रश्नांचा राग येतो, तिथून माघारी फिरा. कुठे जावं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे. आणि आठव्या-दहाव्या दिवशी 'न्यायला या' असा निरोप आला, तर जाऊ नका.