नळी की सभामंडप? फुप्फुसातल्या रक्ताचे गणित

हृदयाची डावी बाजू मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त शरीरभर धाडते. तेवढेच रक्त त्याच मिनिटात उजवी बाजू फुप्फुसांतून काढते. पण महारोहिणीतला सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आगेमागे, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतला जेमतेम १५. रक्त तेवढेच, जोर सहावा हिस्सा! शिवाय धावताना ओघ तिप्पट झाला, तरी हा दाब तिप्पट होत नाही. हे जमते कसे?

उत्तरासाठी एक सूत्र हाताशी होते. प्वाझई या फ्रेंच वैद्याने १८४०च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांत द्रव सोडून दाखवले, की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. तेव्हापासून केशवाहिनी म्हणजे नळी, हे जणू ठरूनच गेले. स्नायूंत ते चालते. वायुकोशांच्या भिंतींत मात्र हे जाळे इतके दाट असते, की एक नळी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे सांगणे कठीण.

इथे एक विमानवाला आला, आणि मला ते मुळीच आश्चर्याचे वाटत नाही. वाय. सी. फंग मूळचे चीनचे. विमानाच्या पंखांची थरथर हा त्यांचा विषय. १९६६मध्ये ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात शरीराच्या अभियांत्रिकीकडे वळले. १९६९मध्ये सिडनी सोबिन या वैद्यकातल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नळ्यांचा हट्टच सोडून दिला.

देवळाचा सभामंडप डोळ्यांसमोर आणा. खाली फरशी, वर छत, मधे ओळीने खांब. रक्त खांबांना वळसे घालत पुढे सरकते. फरक एवढाच, की हे छत लवचीक आहे. आतून रक्त त्याला उचलते, बाहेरून वायुकोशातली हवा दाबते. या दोन दाबांतल्या फरकावर मंडपाची उंची ठरते.

मांजराच्या फुप्फुसात ही उंची मोजली गेली. फरक जवळपास शून्य असताना ४.२८ मायक्रॉन, पुढे पाण्याच्या दर सेंटिमीटर दाबाला ०.२१९ मायक्रॉनची भर. म्हणजे फरक १० सेंटिमीटर असताना उंची साधारण ६.५ आणि २० असताना ८.७. वाढ फक्त एक तृतीयांश. पण त्या जागी रक्ताला मिळणारी वाट उंचीच्या घनाने रुंदावते, म्हणजे जवळजवळ २.४ पट! सबंध मंडपाची बेरीज केली, की प्रवाह हा शिरतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या उंचीच्या चौथ्या घातांतल्या फरकाच्या प्रमाणात येतो. चौथा घात पुन्हा आलाच, पण वेगळ्या दाराने.

म्हणून एक फुप्फुस काढावे लागले आणि दुसरे निरोगी असले, तर विश्रांतीत ते सगळे रक्त सामावून घेते आणि दाब फारसा चढत नाही. उरलेले मंडप थोडे उंच होतात, मिटलेले उघडतात.

याची उलटी बाजू अतिदक्षता विभागात दिसते. श्वासयंत्राने हवेचा दाब वाढवला, की मिटलेले वायुकोश उघडून ऑक्सिजनला वाट मिळते. पण तीच हवा मंडपाचे छत खाली रेटते. उंची घटते, घनाच्या हिशेबाने वाट आक्रसते आणि उजव्या हृदयावर ओझे येते. यंत्रावरचा हवेचा दाब वाढवताना डॉक्टरांचे लक्ष रक्तदाबाच्या आकड्यावर असते, त्याचे हेही एक कारण.