घरचा ॲम्प्लिफायर: ऐकीव किती, खरं किती

जव्हार-मोखाड्याकडे होळी झाली की आवाजाचे दिवस सुरू होतात. वीटभट्टीवर गेलेली माणसं गावी आलेली असतात, लग्नं निघतात, बोहाड्याची सोंगं नाचतात. तारप्याला वायर लागत नाही, मांडवातल्या स्पीकरला लागते. भाड्याचा डीजे परवडत नाही तेव्हा पाड्यातलाच एखादा पोरगा पत्र्याच्या खोक्यात बोर्ड बसवतो आणि 'मशीन' तयार होते. सुटे भाग त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकहून येतात, कुणी मुंबईला गेलं तर लॅमिंग्टन रोडवरून. भागांबरोबर फुकटचे सल्लेही येतात, आणि भागांपेक्षा तेच जास्त डुप्लिकेट निघतात.

या खोक्याला दोन बाजू असतात: एक स्पीकरकडची, एक भिंतीकडची. बनवणाऱ्याचं सगळं लक्ष स्पीकरकडे असतं, कारण मजा तिथे आहे. जिवाचा धोका मात्र भिंतीकडून येतो. म्हणून ऐकीव गोष्टी तपासायला सुरुवातही तिथूनच.

'फ्यूज टाकलाय, आता शॉक बसायचा नाही.' हा सगळ्यांत पसरलेला आणि सगळ्यांत वाईट समज. समजा, खोक्यात १ अँपिअरचा फ्यूज आहे. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर जरी गेला तरी हृदय बंद पडू शकतं. त्याच्याही बऱ्याच आधी हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. फ्यूजला यातलं काही कळतही नाही. तो ट्रान्सफॉर्मर जळू नये, घराला आग लागू नये म्हणून असतो. माणसासाठी दोन गोष्टी लागतात: पत्र्याच्या खोक्याला स्क्रूने घट्ट आवळलेली अर्थिंगची हिरवी वायर, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. फ्यूज लागतोच, पण तो फेजमध्ये. आणि उडाला तर त्या जागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे फ्यूज काढून टाकणंच.

'बटण बंद केलंय, घाल हात.' दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसतो. बटण एकाच वायरमध्ये असेल आणि ती वायर नेमकी न्यूट्रलची निघाली, तर मशीन बंद दिसते आणि आतला ट्रान्सफॉर्मर फेजवर तसाच असतो. हात घालायचा तर प्लग काढून, आणि काढलेला प्लग स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवून. घरात चार पोरं असतील तर हे फारच महत्त्वाचं. कुणीतरी मदत म्हणून लावून टाकतं.

आता घुंऽऽ आवाजाबद्दल. याच्यावरचा गावठी इलाज म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाकणे. इलाज लागू पडतो, हीच पंचाईत आहे. पिन काढली की घुंगघुंग कधीकधी खरंच थांबते, आणि करणाऱ्याला वाटतं, दोष अर्थिंगचा होता. प्रत्यक्षात त्याने दोष तसाच ठेवून वाचायची वाट तेवढी बंद केलेली असते. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट खोक्यावर येतील, आणि तिथून माइकच्या दांड्यावर. माइक धरणारा अनवाणी असतो, मांडवातली जमीन शिंपडून ओली केलेली असते.

घुंऽऽ शोधायची सरळ रीत आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर खोट सप्लायच्या बाजूला: फिल्टरचा कंडेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा ग्राउंडच्या वायरी वाटेल तिथे जोडल्या असतील. स्पीकरची परतीची वायर आणि इनपुटचं ग्राउंड वेगवेगळ्या वायरींनी दोन मोठ्या कंडेन्सरांच्या मधल्या एकाच बिंदूवर आणावं. एकाच्या पाठीवर दुसरं जोडू नये. व्हॉल्यूम कमी केल्यावर घुंऽऽही गेली तर सप्लायला हात लावू नका. इनपुटची शिल्डवाली वायर बघा, तिची जाळी एखाद्या टोकाला तुटलेली असते. आणि तेही ठीक असेल तर गाणं लावलेला मोबाइल बघा. तो चार्जिंगला असतो. चार्जर काढा, आवाज साफ. यासाठी लोकांनी बोर्डच्या बोर्ड बदललेले असतात.

अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. आपल्याकडे वर जेमतेम माती आणि खाली कातळ. वैशाखात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा पाइप नुसता नावाला उभा. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात लग्नाच्या आदल्या दिवशी दोन हंडे पाणी ओतलं तर उपयोग होतो. पाणी टंचाईच्या दिवसांत हे सांगायलाही संकोच वाटतो, पण सांगतो. तारांवर आकडा टाकून मांडव चालवणाऱ्याला मात्र काहीच सल्ला नाही. तिथे ना फ्यूज, ना अर्थिंग, ना आरसीसीबी.

'१२-०-१२ म्हणजे १२ व्होल्ट.' बोर्ड जळण्याचं मोठं कारण हेच. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे एसी आहेत. डायोड आणि कंडेन्सरनंतर त्याचे १.४१ पट होतात, म्हणजे जवळपास १७, डायोडचे ०.७ गेले की प्लस-मायनस १६च्या थोडं वर. टीडीए २०३० या आयसीची मर्यादा प्लस-मायनस १८ आहे, म्हणजे काम चालतं. पण 'जास्त आवाज येईल' म्हणून कुणी १८-०-१८ लावला की सप्लाय जवळजवळ २५वर जातो आणि आयसी पहिल्याच गाण्याला बसतो. १२-०-१२ सुद्धा काठावरच आहे. लाइनीच्या शेवटच्या पाड्यावर संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि रात्री सगळे झोपले की चढतं. भिंतीत २६० झाले तर तोच ट्रान्सफॉर्मर साडेअठरा देतो. दुकानदाराने आयसी डुप्लिकेट दिला, अशी तक्रार करण्याआधी हा हिशेब करून बघावा. डुप्लिकेट असतातच, विशेषतः ५२०० आणि १९४३ हे ट्रान्झिस्टर. पण दरवेळी नाही. ४४४० या आयसीच्या बोर्डाची तऱ्हा वेगळी. तो १३.२ व्होल्टसाठी केलेला आहे. त्याला १२-०-१२ची मधली वायर सोडून दोन टोकं ब्रिजला जोडली तर ३३ व्होल्ट मिळतात, आणि धूर.

वॅटचं काय? खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' लिहायला स्टिकर पुरतो. १२ व्होल्ट ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ३६ वॅटच्या वर काही निघत नाही, त्यातलाही मोठा वाटा हीटसिंक तापवण्यात जातो. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. चांगला भोंगा आणि त्याची योग्य दिशा याहून जास्त काम करतात.

बोर्ड जोडून झाला की थेट प्लगात घालू नये. फेजच्या वायरीत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी चालत नाही; तारेचा मिळेनासा झालाय, दिसला की दोन घेऊन ठेवावेत. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडलेला नसावा. बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कारण रिकामे कंडेन्सर भरत असतात. मग विझत जातो, तार जेमतेम लालसर दिसते किंवा तीही नाही. असं झालं तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवलाय. प्लग काढून आधी आयसीची पाठ बघा. २०३०ची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते. ती अभ्रकाच्या चकतीशिवाय हीटसिंकला आवळली आणि हीटसिंक खोक्याला टेकला, की शॉर्ट झालाच. 'पांढरी पेस्ट लावलीय की', असं म्हणतात. पेस्ट उष्णता नेण्यासाठी आहे. वीज अडवण्याचं काम अभ्रकाचं, आणि स्क्रूभोवतीच्या प्लॅस्टिकच्या बुशचंही.

बल्ब विझला तरी स्पीकर लगेच जोडू नये. मीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांमध्ये बघा. ५० मिलिव्होल्टपर्यंत दाखवलं तर हरकत नाही. १०-१५ व्होल्ट दिसले तर आउटपुट एका बाजूला चिकटलेलं आहे. स्पीकर लावला असता तर कोन एकदा धप्पकन पुढे येऊन कॉइल जळली असती.

५२००-१९४३च्या मोठ्या बोर्डावर आणखी एक सवय मोडायला हवी: स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कंडेन्सर रिकामा करण्याची. १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट म्हणजे साडेबारा ज्यूल. ठिणगी डोळ्याशी येते, स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळतं. २२० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर लांब वायरींनी दहा-पंधरा सेकंद धरावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. प्लस आणि मायनस मिळून तिथे १०० व्होल्ट असतात. 'बंद मशीनला काय करंट' म्हणणाऱ्याला ते कळायला एक स्पर्श पुरतो.

बॅटरीवरची मशीन निर्धोक, हे अर्धंच खरं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही. पण गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होऊन मांडवाचं कापड पेटवते. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच हवा. मशीनजवळ ठेवला तर मधली सगळी वायर उघडी पडते.

राहिला पावसाळा. चार महिने माळ्यावर पडलेल्या मशीनमध्ये दमट हवेने कंडेन्सरच्या पायांवर हिरवट गंज चढतो, उंदीर वायरी कुरतडतात, पाल आत शिरून मरते. दिवाळीनंतर झाकण उघडून ब्रशने साफ करायची, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, आणि मग पुन्हा सिरीज बल्बवरच चालू करायची.