महानगरातील वाचक आणि गावाकडचे कपाट

बोरी अरब, दारव्हा, कारंजा या परिसरातील आपल्या व्यापारी घराण्यांतील अनेक मुले-मुली आज मुंबईत स्थिरावली आहेत. त्यांच्यातील वाचनवेड्याचा दिवस लोकलमध्ये सुरू होतो. बसायला जागा मिळाली की पुस्तक उघडते. घर दोन खोल्यांचे, तिथे ग्रंथांना थारा कुठला? म्हणून तो फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळतो, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा सभासद होतो.

याच शहरात मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर उभे राहिले, ते आपल्या समाजातील प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. कापसाच्या व्यापारातील पैसा असा ग्रंथांच्या कामी आला, याचे अप्रूप कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला अधिक वाटावे.

आपल्याकडे मात्र गावचे घर विकताना तिजोरी जपून नेली जाते आणि आजोबांचे ग्रंथ रद्दीत जातात. कारंज्याच्या शास्त्रभांडारांत पूर्वजांनी हस्तलिखिते वेष्टनांत बांधून जपली. त्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वाध्याय हे अंतरंग तप आहे आणि शास्त्रदान हे चार दानांपैकी एक. शहरात जागा नसेल, तर ग्रंथांची यादी करून ते कपाट गावच्या मंदिरास किंवा शाळेस द्यावे. मालमत्तेच्या वाटणीपत्रात ग्रंथांसाठीही एक ओळ असावी.